देवावर विसंबणारा माणूस मोकळा कसा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात खराडीत आयटीची नोकरी, वय तिशीचे, घर ख्रिस्ती, लहानपण संडे स्कूलमध्ये गेलेले. ‘आईवडिलांनी स्वतःच्या पायावर उभे राहायला शिकवले आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मात्र देवावर अवलंबून राहा असे ऐकायला मिळते. हे निर्णय टाळणेच नाही का? माझ्या ओळखीची माणसे पाळकांना विचारल्याशिवाय फ्लॅटचे टोकनसुद्धा देत नाहीत. ह्यात ख्रिस्ताने दिलेले स्वातंत्र्य कुठे आहे? आणि असलेच तर रोज नेमके करायचे काय?’

शंका रास्त आहे. मंडळीत ‘देवावर सोडले’ हे वाक्य दोन अगदी वेगळ्या अर्थांनी बोलले जाते. एक जण ते म्हणतो आणि हलक्या मनाने कामाला लागतो. दुसरा ते म्हणतो आणि काम बाजूला ठेवतो. पवित्र शास्त्र पहिल्याबद्दल बोलते. दुसऱ्याला येशूचा प्रेषित पौल ह्याने थेस्सलनीकाच्या मंडळीत सरळ सुनावले होते, की ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये (2 थेस्सलनीकाकरांस 3:10). म्हणजे तुमचा ज्याला विरोध आहे त्याला शास्त्राचाही विरोधच आहे. पण तुमच्या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे, ते आधी बाहेर काढले पाहिजे. देवावर अवलंबून नसलेला माणूस कोणावरच अवलंबून नसतो, असे तुम्ही धरून चालला आहात.

योहानाच्या आठव्या अध्यायात येशू म्हणतो, ‘सत्य तुम्हांला बंधमुक्त करील.’ ऐकणारे लगेच दुखावतात. आम्ही अब्राहामाचे वंशज, आम्ही कधीच कोणाचे दास नव्हतो, असे ते उत्तर देतात. हे बोलणे यरुशलेमेत चालले होते, रोमच्या अमलाखाली, रोमला कर भरणाऱ्या लोकांमध्ये. त्याआधी मिसराचे (इजिप्तचे) दास्य झाले होते, बाबेलचा (बॅबिलोनचा) बंदिवास झाला होता. एवढा इतिहास पाठीशी असून ‘कधीच नाही’ हा शब्द त्यांच्या तोंडून सहज निघाला. येशू त्यांच्याशी रोमबद्दल वादच घालत नाही. जो पाप करतो तो पापाचा दास आहे, एवढेच तो म्हणतो. आपण ज्याच्यापुढे वाकतो ते आपल्यालाच दिसत नाही, हे त्या संवादात पुरते उघड होते.

म्हणून सुरुवात प्रार्थनेने नको, एका कागदाने करा. त्यावर तीन वेळा हे अपुरे वाक्य लिहा: ‘माझे … गेले तर माझे काही उरणार नाही.’ मोकळी जागा भरा. पहिले उत्तर बहुतेकांचे घरच्यांबद्दल असते आणि ते स्वाभाविक आहे. दुसऱ्या-तिसऱ्या उत्तरात खरी गोष्ट येते: अप्रेझलचे रेटिंग, मुलांचे मार्क, लोकांतले नाव, ‘मी कोणाचे उपकार घेत नाही’ हा अभिमान. मग प्रत्येकापुढे तीन खुणा तपासा. सकाळी उठल्याबरोबर मन कुठे धावते? कोणत्या बातमीने झोप उडते? आणि कशासाठी तुम्ही खोटे बोलता? तिसरी खूण सगळ्यात खात्रीची. क्लायंटपुढे चूक लपवली असेल तर रेटिंग तुमचे धनी आहे. नातेवाइकांत पगार फुगवून सांगितला असेल तर त्यांचे मत तुमचे धनी आहे. पौल रोमकरांना हेच लिहितो: ज्याच्या आज्ञेत राहायला तुम्ही स्वतःला देता त्याचेच तुम्ही दास असता (6:16). तेव्हा अवलंबून राहायचे की नाही, हा पर्याय माणसापुढे नाहीच. कोणावर, एवढेच ठरवायचे असते.

मग देवावर विसंबणे वेगळे का? तो अधिक सामर्थ्यवान धनी आहे म्हणून नव्हे. एवढेच कारण असते तर ते अधिक भयंकर दास्य झाले असते. वेगळेपण दोन गोष्टींत आहे. एक, त्याला तुमच्याकडून काही लागत नाही. अथेन्समध्ये पौल म्हणतो की देवाला काही उणे आहे म्हणून माणसांच्या हातून त्याची सेवा घडते असे नाही; तोच सर्वांना जीवन आणि श्वास देतो (प्रेषितांची कृत्ये 17:25). रेटिंग तुमच्यावर जगते, लोकांचे मत तुमच्यावर जगते. तुम्ही रोज घातले नाही तर ती मरतात, म्हणून ती तुम्हाला सोडत नाहीत. दुसरे म्हणजे क्रम. दहा आज्ञा वाचताना आपण ‘करू नको’पासून सुरुवात करतो, पण निर्गम 20 मध्ये पहिले वाक्य आज्ञेचे नाहीच: मी तुझा देव, तुला दास्यगृहातून बाहेर आणणारा. सुटका आधी, आज्ञा नंतर. ख्रिस्ताच्या बाबतीतही तसेच. आपण पापी असतानाच तो आपल्यासाठी मेला (रोमकरांस 5:8). ज्याने आधीच दिले आहे त्याच्यापुढे मिळवण्यासाठी धडपडावे लागत नाही, आणि जे कमावलेले नाही ते आपल्या नापास होण्याने जातही नाही. धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1520 साली ख्रिस्ती माणसाबद्दल दोन वाक्ये शेजारी ठेवली: तो सर्वांचा स्वतंत्र धनी आहे, कोणाच्याही अधीन नाही, आणि तो सर्वांचा सेवक आहे, सर्वांच्या अधीन आहे. पहिले खरे असल्याशिवाय दुसरे जमत नाही. ज्याला स्वतःची किंमत सिद्ध करायची आहे त्याची सेवाही शेवटी स्वतःचीच असते.

ह्याचा नमुना पाहायचा तर येशूकडेच पाहावे. ‘पुत्राला स्वतः होऊन काही करता येत नाही’ असे तो स्वतःबद्दल म्हणतो (योहान 5:19). इतके पूर्ण अवलंबित्व दुसऱ्या कोणी उघडपणे कबूल केलेले सापडणार नाही. आणि तरी त्याच्याइतका मोकळा माणूसही सापडणार नाही. मार्काच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूममधली एक सकाळ आहे. आदल्या संध्याकाळी सगळे गाव दाराशी लोटले होते, पुष्कळ लोक बरे झाले होते. तो पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. शिष्य शोधत येतात: सगळे तुमचा शोध करत आहेत. यशाच्या त्या क्षणी तो म्हणतो, आपण दुसऱ्या गावांना जाऊ. मागणी होती, कौतुक होते, गरजही खरी होती, आणि तरीही तो नाही म्हणू शकला. रात्री साडेदहाला मॅनेजरचा मेसेज आल्यावर ‘उद्या सकाळी पाहतो’ एवढे लिहायला बोटे का थरथरतात, ह्याचा विचार ह्या उताऱ्यासमोर बसून करावा. ती पहाटेची प्रार्थना आणि ते ‘नाही’ एकाच सकाळी घडले आहेत.

योहान 15 मधली वेल इथे आठवते. पुणे जिल्ह्यातल्या माणसाला ती समजायला सोपी, कारण जुन्नर-नारायणगावच्या बागा जवळच आहेत. एप्रिलच्या खरड छाटणीत काडी एक-दोन डोळ्यांवर आणतात आणि बाग उघडीबोडकी दिसते. पण ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर जो घड बाहेर येतो तो खरड छाटणीनंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यांत, उन्हाळ्यातच, तयार झालेला असतो. ‘फळ देणाऱ्या फाट्याला तो साफ करतो’ हे वचन शिक्षेचे नाही, हे बागायतदाराला सांगावे लागत नाही. आणखी दोन गोष्टी बागेतच दिसतात. फाटा निष्क्रिय नसतो. पाने धरणे, ऊन घेणे, घडाचे वजन पेलणे हे सगळे त्यालाच करायचे असते. फक्त मूळ धरणे हे त्याचे काम नाही. दुसरे, कापलेली काडी लगेच सुकत नाही. देवापासून तुटल्याचे महिनाभर कळतच नाही. काम चालते, मंडळीतली गाणीही म्हटली जातात. पहिल्यांदा चिडचिड वाढते, मग तुलना सुरू होते, मग झोप बिघडते.

आता रोजचे. मिसरातून निघालेल्या इस्राएली लोकांना वाळवंटात देवाने रोज दिलेल्या अन्नाचा, मान्न्याचा, प्रसंग (निर्गम 16) हा ह्या विषयातला सगळ्यात व्यवहारी धडा आहे. माणशी एक ओमर, म्हणजे सुमारे दोन लिटर भरेल एवढे, रोज सकाळी गोळा करायचे. उद्यासाठी ठेवले तर त्यात किडे पडत. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचे आणि ते मात्र नासत नसे. चारशे वर्षे दास राहिलेल्या लोकांना देव ह्या मापाने स्वतंत्र माणसासारखे जगायला शिकवत होता. मिसरातून ते एका रात्रीत निघाले, पण मिसर त्यांच्यातून निघायला चाळीस वर्षे लागली. वाटेत त्यांना तिथले मासे, काकड्या, कांदे आणि लसूण आठवत होते (गणना 11:5). ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ ही विनंती त्याच मापाची आहे. पाच वर्षांची खात्री एकदम मागायची सोय तिच्यात नाही.

सकाळची वीस मिनिटे धरा, फोन हातात घेण्याआधी. हा क्रम महत्त्वाचा आहे. मेल पाहिल्यावर केलेली प्रार्थना बहुधा मेलचीच होते. पहिली दोन-तीन मिनिटे गप्प बसा आणि आजची भीती एका वाक्यात नाव घेऊन सांगा. ‘प्रभू, सर्व चिंता तुझ्यावर टाकतो’ असे मोघम नको. ‘चार वाजताच्या कॉलमध्ये माझी चूक बाहेर येईल ह्याची भीती वाटते’ असे. मग दहा मिनिटे शास्त्रभाग: एक स्तोत्र किंवा शुभवर्तमानातल्या दहा-पंधरा ओव्या, सलग, एका पुस्तकातून क्रमाने. वचनपेटीतून रोज एक चिठ्ठी काढण्याची आपल्या घरांतली रीत प्रेमळ आहे, पण तिच्यावरच भागवू नका. संदर्भ सुटला की वचन आपल्या मनासारखे वाकते. ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे’ हे फिलिप्पैकरांस पत्रातले वचन मुलांच्या परीक्षेच्या पॅडवर असते. पौलाने ते कैदेतून लिहिले, आणि आधीच्याच ओळीत तो उपाशी राहण्याबद्दल बोलतो आहे. भूक आणि भरपेट, दोन्हींत तृप्त राहायचे सामर्थ्य, असा त्याचा रोख आहे.

उरलेल्या वेळात वहीचे पान उभे दुमडा. डावीकडे ‘माझे काम’, उजवीकडे ‘देवाचे काम’. अप्रेझल असेल तर तयारी करणे, झालेले काम खरे मांडणे, चूक कबूल करणे डावीकडे. वरिष्ठांचा निर्णय, सहकाऱ्याचे मत, बाजाराची अवस्था उजवीकडे. उजवीकडचे एकेक वाचून ‘हे तुझ्या हाती’ म्हणायचे आणि डावीकडचे पहिले काम ठरवून उठायचे. मग प्रभूची प्रार्थना सावकाश. इथे दोन चुका नेहमी होतात. काही जण डावीकडचे उजवीकडे ढकलतात आणि त्याला विश्वास म्हणतात. तुमच्यासारखी कर्तबगार माणसे उजवीकडचे डावीकडे ओढतात आणि त्याला जबाबदारी म्हणतात. दमणूक ह्या दुसऱ्या चुकीतून येते. तीन-चार आठवड्यांची पाने एकत्र वाचा. कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा चुकीच्या बाजूला गेली ते दिसेल, आणि ती बहुधा पहिल्या कागदावरचीच असेल.

रात्री दहा मिनिटे पुरतात. सोळाव्या शतकात कॅथलिक संत इग्नेशियस लोयोलाने घालून दिलेली परीक्षणाची पद्धत कॅथलिकांइतकीच प्रोटेस्टंटांनाही चालते: आभार, प्रकाशाची विनंती, दिवस तासातासाने आठवणे, क्षमा मागणे, उद्यासाठी कृपा मागणे. दिवस आठवताना एकच प्रश्न ठेवा, आज मी कुठे मूठ आवळली? चुकांची यादी करत बसू नका. त्याने माणूस पुन्हा स्वतःकडेच पाहत राहतो, आणि अपराधी वाटणे म्हणजे देवाजवळ असणे असा घोळ होतो.

आठवड्याचा विसावा सगळ्यात कठीण जाणार. अनुवाद 5:15 मध्ये शब्बाथाचे कारण दिले आहे: तू मिसरात दास होतास. दासाला सुट्टी नसते. निर्गमच्या पाचव्या अध्यायात मिसरचा राजा फारो विटांसाठी लागणारे गवत देणे बंद करतो आणि विटांचा आकडा तोच ठेवतो; टार्गेटखाली काम केलेल्याला तो अध्याय समजावून द्यावा लागणार नाही. विसावा म्हणजे माझ्या विटांवर जग उभे नाही ही कबुली. चोवीस तास एकदम जमणार नाहीत. रविवारी चार तासांनी सुरुवात करा: लॅपटॉप कपाटात, ऑफिसच्या गटाची सूचना बंद, आणि सोमवारची तयारी शनिवारी दुपारीच. मान्ना सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करावा लागे, हे विसरू नका; आदल्या दिवशी काम न आवरता घेतलेला विसावा अस्वस्थच जातो. पहिले दोन-तीन रविवार चिडचिडीचे जातील. ती चिडचिड सवय सुटतानाची आहे, विसावा मानवत नाही असे त्यातून समजू नका. शिफ्ट असलेल्या नर्सने, ड्रायव्हरने दुसरा ठरलेला अर्धा दिवस घ्यावा. आणि मंडळीतली कामेही मोजा. सकाळी उपासना, मग संडे स्कूल, मग कमिटी, मग संध्याकाळी तरुण संघ, असा रविवार असेल तर तो दिवस देवाच्या नावाने भरलेला कामाचा दिवस आहे. त्यातले एखादे काम सोडा.

पैशाबद्दल थोडे. दशांश हे चांगले माप आहे, पण डोक्यावर कर्ज असेल तर तीन टक्क्यांनी सुरू करून दरवर्षी एक टक्का वाढवलेले बरे. हातात ऐंशी हजार येत असतील तर चोवीसशे रुपये. पगाराच्या दिवशीच, हप्ता जाण्याआधी काढा. क्रेडिट कार्डावर किंवा उधारीवर कधीही अर्पण देऊ नका. ‘देणे भाग पडते म्हणून देऊ नये’ असे पौलाने स्पष्ट लिहिले आहे (2 करिंथकरांस 9:7). देवाने दुप्पट परत द्यावे म्हणून दिलेले दान ही गुंतवणूक असते. तिच्यातून मोकळीक येत नाही, परतावा आला नाही की राग येतो. दिल्यावर पैशाची पकड जरा सैल झाली, तर दान नीट झाले. बचत म्हणजे अविश्वास का, असे काही जण विचारतात. मिसरात कारभारी झालेल्या योसेफाने सुकाळाची सात वर्षे पिकाचा पाचवा हिस्सा साठवला आणि तेही देवानेच स्वप्नातून दिलेल्या इशाऱ्यावरून. लूक 12 मधल्या धनवानाने मोठी कोठारे बांधायचे ठरवले हा त्याचा दोष नव्हता; त्या कोठारांच्या भरवशावर तो आपल्या जिवाला ‘आता निश्चिंत राहा’ म्हणाला, हा होता. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला ठेवा आणि त्या रकमेशी असे बोलू नका.

आता फ्लॅट. मोठ्या निर्णयाला दोन-तीन आठवडे द्या. पहिला आठवडा फक्त माहितीचा: महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद, ताबा कधी, हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या किती टक्के. चाळीसच्या वर जात असेल तर तो हप्ता पुढची वीस वर्षे तुमच्या वतीने निर्णय घेईल: कोणती नोकरी सोडायची नाही, कुठे गप्प बसायचे. हे तपासणे डाव्या रकान्यातले आहे. त्यासाठी प्रार्थना पुढे करू नका. दुसऱ्या आठवड्यात दोन-तीन जणांशी बोला. एक व्यवहार कळणारा, एक तुम्हाला जवळून ओळखणारा, एक प्रार्थनाशील; तिघे एकाच गटातले नकोत. मग दोन दिवस ‘घ्यायचे ठरले’ असे धरून प्रार्थना करा, दोन दिवस ‘नाही ठरले’ असे धरून. कोणत्या बाजूला मन शांत राहते आणि कोणत्या बाजूला नुसते उतावीळ होते, ते लिहा. मन खचलेले असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये, हा इग्नेशियसचा नियम इथे फार उपयोगी पडतो. चिन्ह मागत बसू नका. जुन्या करारातल्या गिदोनाने चिन्ह म्हणून रात्री लोकर ठेवली ती देवाने स्पष्ट सांगून झाल्यावर, शंका फिटेना म्हणून. ती निर्णय घेण्याची पद्धत नव्हे. शेवटी सही तुम्हीच करायची, आणि निर्णय चुकला तरी देवाचे प्रेम त्या सहीवर अवलंबून नव्हते हे धरून करायची.

पाळकांना विचारूनच टोकन देणाऱ्या माणसांबद्दल तुम्ही लिहिले आहे. सल्ला घेणे चांगले, परवानगी घेणे नव्हे. पौल प्रेषित असून करिंथकरांना लिहितो की आम्ही तुमच्या विश्वासावर सत्ता चालवत नाही, तुमच्या आनंदात साहाय्य करतो (2 करिंथकरांस 1:24). बिरुया गावातले लोक पौलाचे बोलणेसुद्धा शास्त्र उघडून तपासत, आणि प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक त्यांचे कौतुक करतो. देव आणि माणूस ह्यांच्यात मध्यस्थ एकच आहे. तेव्हा कोणी ‘प्रभूने मला तुझ्याबद्दल सांगितले’ म्हणून लग्न, नोकरी किंवा मालमत्ता ठरवू लागला, दुसऱ्या कोणाला विचारल्यावर रागावला, गोष्ट घरच्यांपासून लपवायला लावली, किंवा आशीर्वाद आणि पैसा एका वाक्यात आणले, तर तिथून बाहेर पडा. ते देवावरचे अवलंबित्व नाही, देवाच्या जागी बसलेल्या माणसावरचे आहे.

उलट देवावर खरोखर विसंबलेला माणूस सहजासहजी कोणाच्या मुठीत येत नाही, हे पाहायला पुण्याहून दूर जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. तिथल्या अँग्लिकन भगिनींशी आणि धर्माधिकाऱ्यांशी त्यांनी सिद्धांतांवर पत्रांतून वाद घातला. शास्त्र स्वतः वाचून पटल्याशिवाय मानणार नाही, ही भूमिका त्यांच्या आसऱ्याला असतानाही सोडली नाही. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. 1893 मध्ये मुलींवर ख्रिस्ती वळण पडते म्हणून गदारोळ उठला, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. इंग्लंडची मर्जी नाही, पुण्याची नाही. त्यानंतर केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले आणि दुष्काळातल्या शेकडो मुली-बायका तिथे आल्या. तिथे प्रार्थना होती आणि शेती, विणकाम, छापखानाही होता. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या बायकाच होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर स्वतः केले. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी ते काम त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः गेल्या. देवावर विसंबल्याने दुःख टळते असे त्यांच्या आयुष्यातून कोणाला दाखवता येणार नाही.

म्हणूनच काही ठिकाणी ‘देवावर सोड’ हा सल्ला देणे चूक आहे, घातकही आहे. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बाईला तो कोणीही देऊ नये. पौलाला फटके मारायला बांधले तेव्हा त्याने आपले रोमी नागरिकत्व पुढे केले, पुढे कैसराकडे (रोमच्या सम्राटाकडे) दाद मागितली, आणि दिमिष्कात (दमास्कसमध्ये) जीव वाचवायला तो टोपलीत बसून तटावरून उतरला. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे. तो वापरण्यात विश्वास कमी पडत नाही. नैराश्याची, मधुमेहाची, फिटची औषधे प्रार्थनेनंतर स्वतःहून बंद करू नयेत. व्यसनाच्या बाबतीत तर विशेष जपावे. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने उपवास-प्रार्थनेच्या जोरावर ती एका दिवसात थांबवली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास थरकाप, ताप आणि भ्रम अशी जिवावर बेतणारी अवस्था होऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावी. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हे काम करत आहे. 1935 मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ह्या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेची पहिली पायरीच ही आहे की माझे मला आवरत नाही हे कबूल करणे. असहाय असल्याची कबुली आणि उपचार घेणे ह्यांत विरोध नाही. पहिल्यामुळेच माणूस दुसऱ्याकडे जातो.

स्वातंत्र्याचा एक गैरवापरही सांगून ठेवतो, कारण सहा-आठ महिन्यांनी तो समोर येईल. लोकांच्या मताची भीती गेली की माणूस कधी कधी लोकांचीच पर्वा सोडतो. फटकळपणाला तो मोकळेपणा म्हणतो. गलतीकरांना पौल ‘ख्रिस्ताने आपल्याला मुक्त केले’ म्हणतो आणि त्याच अध्यायात, तेराव्या ओवीत, प्रीतीने एकमेकांचे दास व्हा असे सांगतो. घरी पडताळा सोपा आहे: तुमच्या मोकळेपणाचा भार आईवर, जोडीदारावर किंवा हाताखालच्या माणसावर पडतो आहे का, हे त्यांनाच विचारा आणि उत्तर मध्ये न बोलता ऐका.

पहिल्या महिन्यात प्रार्थना कोरडी वाटली तर पद्धत बदलत राहू नका. शब्द सुचत नसतील तर स्तोत्र 13 मोठ्याने वाचा, अगदीच अंधार असेल तर 88; ते स्तोत्र शेवटपर्यंत उजळत नाही आणि तरी देवालाच उद्देशून आहे. घरात बोलता त्याच मराठीत बोला. उपासनेतली भारदस्त वाक्ये एकांतात लागत नाहीत. आठवड्यातून एकदा एका विश्वासू माणसाला ती वही दाखवा, मंडळीतलाच असला पाहिजे असे नाही पण गुपित राखणारा असावा. एखादी सकाळ चुकली तर दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटे बसून भरपाई करू नका. मान्ना शिल्लक ठेवता येत नव्हता तसा मागचा गोळाही करता येत नव्हता. पुन्हा वीस मिनिटे, पुन्हा तोच दुमडलेला कागद.